वऱ्हाडची राजधानी आणि तिचा गड

आमच्या राजापेठेंत दिवाळीच्या सुटींत दिल्ली, आग्रा, फत्तेपूर-शिक्री पाहून आलेलीं कुटुंबें पुष्कळ सांपडतील. ताजमहाल चांदण्यांत कसा दिसतो, लाल किल्ल्यांत गाइडानें काय काय सांगितलें, यावर त्यांच्या दिवाणखान्यांत तासन् तास बोलणें चालतें, आणि तें ऐकावयास मलाही आवडतें. परंतु याच मंडळींना "आपल्या वऱ्हाडची जुनी राजधानी कोणती?" असा प्रश्न केला म्हणजे क्षणभर सगळे गप्प होतात. एखादा अमरावतीचें नांव घेतो, एखादा नागपूर म्हणून मोकळा होतो. अमरावतीहून परतवाड्याच्या मोटारींत बसलें कीं थोड्याच वेळांत जेथें उतरतां येतें, तें अचलपूर, म्हणजे जुनें एलिचपूर, एका स्वतंत्र राज्याचें मुख्य ठाणें होतें, आणि तें राज्य चौऱ्यायशीं वर्षें टिकलें, असें मीं सांगितलें तर श्रोते सौजन्यानें मान हालवितात व पुन्हां ताजमहालाकडे वळतात.

त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. पंचवीस वर्षांहून अधिक काळ कॉलेजांत इतिहास शिकवून मी गाविलगडावर पहिल्यानें चढलों तो वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं. चिखलदऱ्यास त्यापूर्वीं सहा-सात वेळां गेलों होतों. पण तें उन्हाळ्यांत हवा खाण्याकरितां. कॉफीचे मळे पाहावे, संध्याकाळीं दरीच्या कांठीं बसावें, समोरचा तट दिसला म्हणजे मुलांना "तो गाविलगड बरें का" असें बोट दाखवून सांगावें, आणि थंडी वाजूं लागली कीं परत फिरावें, एवढाच आमचा इतिहासाशीं संबंध. गतवर्षीं डिसेंबरांत, मराठी विषयाच्या एका स्नेह्याच्या आग्रहानें, आम्ही दोघे दोन दिवस काढून आधीं एलिचपूर व मग गड अशी फेरी करून आलों. परत येतांना माझ्या लक्षांत आलें कीं, वर्गांत मीं छातीठोकपणें सांगितलेल्या निदान दोन गोष्टी चूक होत्या.

पहिली चूक इमादशाहीविषयीं. बहामनी राज्याचीं पांच शकलें झालीं. त्यांत वऱ्हाडची इमादशाही सर्वांत दुबळी, ती सर्वांच्या आधीं बुडाली, परीक्षेंत तिच्यावर प्रश्न येत नाहीं, तेव्हां पुढें चला. असें माझें व्याख्यान दहा मिनिटांत आटोपत असे. एखाद्या चौकस मुलानें विचारलेंच तर "कोणी परकी सरदार होते" एवढ्यावर त्याची बोळवण होई.

एलिचपूर हें शहर त्या सरदारांहून पुष्कळ जुनें आहे. शहरापासून थोड्याच अंतरावरच्या चम्मक या खेड्यांत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला, आणि त्यांत त्या गांवाचें नांव 'चर्मांक' असें आलेलें आहे. दीड हजार वर्षांत नांवाची एवढीच झीज झाली. महानुभावांच्या ग्रंथांत हें शहर अळजपूर म्हणून येतें. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर जातांना येथेंच थांबला, आणि आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाची चाकरी धरावयास चाललों आहों अशी हूल त्यानें उठवून दिली. देवगिरीचा रामदेवराव नमल्यावर जो तह झाला त्यांत एलिचपूरचा वसूल अल्लाउद्दीनाकडे गेला. दक्षिणेचा दरवाजा म्हणून आपण देवगिरीचें नांव घेतों. पण त्या दरवाज्याचा उंबरठा एलिचपूर होता.

आजचें शहर पाहतांना मात्र हें सारें मनांत घेऊन जावें लागतें, कारण शहर स्वतः कांहीं सांगत नाहीं. परतवाड्याच्या बाजारांतील गर्दी ओलांडली कीं रस्ते अरुंद होतात, मधेंच जुन्या तटाचा तुकडा पुढें येतो, त्याला टेकून कोणाचें तरी न्हाणीघर बांधलेलें असतें. दुल्हा दरवाजा अजून उभा आहे आणि त्याखालून सायकली, हातगाड्या, बकऱ्या यांची ये-जा चालू आहे; असें असणें मला तरी बरें वाटतें, कारण ज्या दरवाज्यांतून माणसें जात नाहींत तो दरवाजा नव्हे, देखावा होय. दुल्हा रहमानशहाच्या दर्ग्यावर सर्व जातींचे लोक नवस फेडावयास येतात. त्या साधुपुरुषास महंमूद गझनवीचा भाचा म्हणतात व त्याचें मरण इसवी सन १००१ इतकें मागें नेतात. इतिहासास हें पटण्यासारखें नाहीं. पण दर्ग्याच्या आवारांत बसून कालगणनेचा वाद घालणाऱ्यांपैकीं मी नव्हे.

खरोखर पाहण्यासारखी वास्तु शहराबाहेर पश्चिमेस आहे. तिला हौज कटोरा म्हणतात. एका मोठ्या हौदाच्या मधोमध आठ कोनांचा मनोरा. आज तीन मजले उभे आहेत, पूर्वीं पांच होते असें सांगतात. अहमदशहा बहामनी १४२५ च्या सुमारास एलिचपुरास येऊन दोन-तीन वर्षें राहिला. फिरिस्त्यानें लिहिलें आहे कीं याच मुक्कामांत त्यानें गाविलगड बांधविला व नरनाळा दुरुस्त करविला. हौज कटोराही बहामनी काळचाच मानितात. हौद भरलेला असतांना या मनोऱ्याच्या खिडक्यांत बसून कोणी पाण्यावरचा वारा घेत असेल, अशी कल्पना आम्हीं थोडा वेळ केली. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यानें एकदा काढला आहे त्याला हा मनोरा बांधणाऱ्याचा हेतु समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

मुर्तिजापुराहून अचलपुरास येणारी, लोकांनीं 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलेली अरुंद रुळांची गाडी आतां बंद आहे. तिचे रूळ पाहून आम्ही घाटाच्या मोटारींत बसलों.

सपाटीवर राजधानी आणि तिच्या पाठीशीं सातपुड्यांत गड, अशी ही जोडी आहे. एलिचपुरांत उभें राहून उत्तरेस पाहिलें तर डोंगरांची रांग अगदीं शहरावर आल्यासारखी दिसते. राजानें दरबार खालीं भरवावा, आणि वेळ आली कीं खजिना व बायकामुलें वर न्यावीं. गवळ्यांच्या मातीच्या गढीवरून त्याला गाविलगड नांव पडलें म्हणतात. अकबराच्या वेळच्या आईन-इ-अकबरींत या गडाला जवळ जवळ तोड नाहीं असें म्हटलें असून, पोलादी शस्त्रांना पाणी देण्यास योग्य असा एक झरा तेथें आहे अशी नोंद आहे. तो झरा कोणता हें आम्ही शोधीत होतों. आमच्याबरोबरच्या कोरकू तरुणानें तीन तळीं दाखविलीं, पण पोलादाचें नांव ऐकून तो नुसता हंसला.

चिखलदऱ्याच्या बाजूनें गडांत शिरून, दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडीत, आपण दिल्ली दरवाज्यापाशीं येतों. माझी पहिली चूक येथें उघडी पडली. दरवाज्याच्या दर्शनी भागावर शार्दूलासारखे पशु कोरले आहेत, आणि त्यांच्या जवळ एक दोन तोंडांचा पक्षी आहे, त्यानें हत्ती धरले आहेत. हा गंडभेरुंड. कर्नाटकांत, बळ्ळिगावे येथें, १०४७ सालीं उभारलेल्या स्तंभावर हा आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर हा असाच हत्तींना चोंचींत व पंजांत धरून बसला आहे. वऱ्हाडांतल्या मुसलमान राजाच्या किल्ल्यावर हें कानडी पांखरूं आलें कोठून?

इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क. हा जन्मानें कानडी हिंदु, विजयनगरच्या मुलखांतला. कोणी त्याला ब्राह्मणही म्हणतात. बहामनींच्या विजयनगरावरील स्वारींत तो पोरवयांत पकडला गेला, बाटविला गेला, आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जहान याच्या पदरीं वाढला. ही स्वारी अहमदशहाची, १४२३ च्या सुमारची, असें बहुतेक इतिहासकार धरतात. पुढें महमूद गावानाच्या कारकीर्दींत तो वऱ्हाडचा सुभेदार झाला, गावानाचा १४८१ त शिरच्छेद झाल्यावर बीदरचा दरबार ढांसळत गेला, आणि १४९० त फत्तेउल्ला स्वतंत्र झाला. त्याच्या दोन वर्षें आधीं, १४८८ त, त्यानें गाविलगडाची मोठी दुरुस्ती करविली होती. दिल्ली दरवाज्याचें काम त्याच वेळचें समजतात. त्या वेळीं त्याची सत्तरी उलटून गेली असली पाहिजे.

तेव्हां सात-आठ वर्षांच्या वयांत आईपासून तुटलेल्या मुलानें, साठ-पासष्ट वर्षांनीं, परक्या धर्मांत व परक्या प्रांतांत राजा होण्याच्या बेतांत असतांना, आपल्या दाराच्या कपाळीं लहानपणचा पक्षी कोरविला, असें म्हणावें काय? दरवाज्यासमोर उभें असतांना असें म्हणण्याचा मोह अनावर होतो. माझा स्नेही तर डोळे पुसूं लागला. मलाही गहिंवर आला नाहीं असें नाहीं, पण धंद्याची संवय आडवी येते. अच्युतराय १५२९ त गादीवर आला. फत्तेउल्ला त्यापूर्वींच मरून गेला होता. म्हणजे त्या नाण्यांचा दाखला येथें चालत नाहीं. शिवाय गंडभेरुंड दक्षिणेंतल्या अनेक किल्ल्यांवर आहे. पाथरवटांच्या टोळ्या या राज्यांतून त्या राज्यांत हिंडत, आणि दरवाजा म्हटला कीं आपल्या पोतडींतले ठराविक पशुपक्षी काढून बसवीत. राजानें सांगितलें म्हणून पक्षी आला कीं पाथरवटास येत होता म्हणून आला, याचा निकाल दगड देत नाहीं.

एक गोष्ट मात्र त्या मोहाच्या बाजूनें सांगण्यासारखी आहे. शेजारच्या अहमदनगरची निजामशाहीही अशाच एका पकडलेल्या मुलाच्या वंशांतली. तिच्या मूळ पुरुषाचें घराणें पाथरीच्या कुळकर्ण्यांचें, आणि पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या राज्यांत. बुऱ्हाण निजामशहानें इमादशहाकडे मागणी केली कीं, पाथरी आमचें वडिलोपार्जित गांव आहे, तें आम्हांला द्या, बदल्यांत दुसरा मुलूख घ्या. इमादशहानें नाकारलें, आणि १५१८ त बुऱ्हाणानें सैन्य पाठवून पाथरी घेतली. धर्म बदलून, भाषा बदलून, तख्तावर बसूनही एका घराण्याला आपलें गांव लढाई करण्याइतकें आठवत होतें. मग शेजारच्या तख्तावरील म्हाताऱ्याला एक पक्षी आठवला असेल, तर त्यांत अशक्य तें काय?

मीं आतां हें वर्गांत सिद्धांत म्हणून सांगत नाहीं, प्रश्न म्हणून सांगतों. पण 'कोणी परकी सरदार' हे शब्द पुन्हां माझ्या तोंडून निघणार नाहींत. ज्याला त्याच्या घरून उचलून आणलें त्याला परका कोणी केला, हा त्यांतला अवघड भाग आहे.

इमादशाही पुढें कर्त्या पुरुषावांचून दुबळी झाली हें खरेंच. शेवटचा बुऱ्हाण इमादशहा अल्पवयी. त्याचा कारभारी तुफालखान यानें त्यालाच नरनाळ्यावर अडकवून ठेविलें. १५७४ त मूर्तजा निजामशहानें नरनाळा व गाविलगड दोन्ही घेतले आणि वऱ्हाडचें राज्य संपलें. बावीस वर्षांनीं चांदबिबीला अहमदनगर वांचविण्यासाठीं हाच वऱ्हाड मोंगलांच्या पदरांत टाकावा लागला. तहांत देऊन टाकण्यास सोईचा प्रांत, ही आमची ओळख तेव्हांपासूनची.

आतां दुसरी चूक, आणि ही मला अधिक लागली. मी मुलांना सांगत असें, "गाविलगड अजिंक्य होता, तो फितुरीनें पडला." असें मीं कोठें वाचलें होतें? कोठेंही नाहीं. १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला, तोफा १३ तारखेस सकाळीं सुरू झाल्या होत्या. एवढा बळकट गड तीन दिवसांत पडतो त्या अर्थीं कोणी तरी दरवाजा उघडला असला पाहिजे, असा हिशेब मीं राजापेठेंत खुर्चींत बसून केला होता. आपल्याकडे प्रत्येक पडलेल्या किल्ल्याला फितुराची एक गोष्ट चिकटवून देण्याची रीत आहे. तिनें अभिमान शाबूत राहतो आणि नकाशा पाहण्याचे श्रम वांचतात.

जमीन पाहिली आणि हिशेब फिरला. दक्षिणेकडून, म्हणजे एलिचपुराकडून, गड खरोखरच भयंकर आहे. कडा सरळ तुटलेला, वाट लांब आणि उभी, तीही केवळ पायीं चढण्याजोगी. वायव्येच्या दरवाज्याची वाट तटाच्या मारगिरीखालून इतकी अरुंद जाते कीं तेथें तोफ न्यावी तरी कशी. परंतु उत्तरेस पठार आणि गड एकाच पातळीवर आले आहेत. आम्ही त्या बाजूनें चालत गेलों तेव्हां मला धापसुद्धां लागली नाहीं. बांधणाऱ्यांना ही उणीव ठाऊक होती, म्हणूनच त्या बाजूस आंतला किल्ला, बाहेरचा किल्ला आणि त्यापुढें तिसरा तट अशी तिहेरी तजवीज आहे. त्यांचा खरा भरंवसा मात्र तटावर नव्हता. त्या पठारावर तोफा पोंचणारच नाहींत, या गोष्टीवर होता.

त्या पोंचल्या. २९ नोव्हेंबरला अडगांवच्या मैदानांत भोसल्यांचें सैन्य मोडल्यावर आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन एलिचपुरास आले. वेलस्ली दक्षिणेकडे देवगांवास राहिला. स्टीव्हन्सनची फौज डोंगरांतून सुमारें तीस मैलांचा वळसा घालून उत्तरेस निघाली. ७ पासून १२ डिसेंबरपर्यंत मोठ्या तोफा व दारूगोळा बहुतेक सगळी वाट माणसांनीं हातांनीं ओढून नेला, आणि ती वाटही त्यांनाच पुढें होऊन करावी लागली. हें वाक्य मीं वेलस्लीच्या खलित्यांत विद्यार्थी असतांना वाचलें होतें. परीक्षेंत उतरूनही दिलें असेल. त्या दऱ्या डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यांतल्या 'ओढून' या शब्दाचें वजन कळलें. आणि ओढणारे हात बव्हंशीं आपल्याच देशांतल्या शिपायांचे व बिगाऱ्यांचे होते हेंही लक्षांत आलें. फितुरी शोधावयाचीच असेल तर ती एका दरवाज्यापाशीं सांपडणार नाहीं.

१४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटास खिंडार पडलें. १५ ला सकाळीं दहाच्या सुमारास हल्ला झाला व बाहेरचा किल्ला गेला. वायव्य दरवाज्यानें निसटूं पाहणारे लोक दुसऱ्या तुकडीच्या तोंडीं सांपडले. तरी आंतला किल्ला शाबूत होता. मधें दरी आहे. तींत उतरून पुन्हां चढावें लागतें, आणि वर दरवाजे बंद. तेथें इंग्रजांचा बराच वेळ मोडला. अखेर ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल आपल्या हलक्या कंपनीसह शिड्या घेऊन चढणीच्या दुसऱ्या अंगानें तटावर चढला आणि त्यानें आंतून दरवाजा उघडला. दरवाजा उघडणारा होता. पण तो आंतला नव्हता.

ती चढण आम्हीं खालून पाहिली. मी थोडा पुढें झालों तेव्हां आमचा कोरकू वाटाड्या ओरडला, "सर, तिकून नोका जाऊ, गोटे सुटे हायेत." माणूस येथून येईल असें वरच्या पहारेकऱ्यास वाटलें नसेल, तर त्याला दोष देणें कठीण आहे.

अडगांवाहून निसटलेल्या पायदळाचा सरदार बेनीसिंग, आणि त्याच्याबरोबर किल्लेदार, यांचीं प्रेतें दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या राशींत सांपडलीं. हें खुद्द वेलस्लीनें लिहिलें आहे, आणि शत्रूला खोटी शाबासकी देण्याचें त्यास कारण नव्हतें. गड पडण्यापूर्वीं या राजपुतांनीं आपल्या बायकामुलींना मारून टाकण्याचा हुकूम दिला होता, पण तें काम अर्धवटच झालें. थोड्याच मेल्या, बाकीच्या जखमी होऊन वांचल्या, असेंही इंग्रजी ग्रंथांत नमूद आहे. ज्यांना मारावयाचें होतें आणि ज्या वांचल्या, त्यांचें पुढें काय झालें हें कोणींच लिहून ठेविलें नाहीं. चोवीस वर्षांचा एल्फिन्स्टन त्या वेळीं वेलस्लीबरोबर होता. पुढें तो मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या नांवाचें कॉलेज निघालें. वेलस्ली वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. बेनीसिंगाचें नांव वऱ्हाडांतल्या किती शाळांत घेतात हें सांगावयास नको, आणि जेथें मी घेत होतों तेथें फितुरीच्या संशयासह घेत होतों.

गड पडल्यावर दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं कटक सोडलें, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. पण गाविलगड व नरनाळा मात्र आपल्याकडे ठेविले. ते १८२२ त निजामाकडे गेले, आणि १८५३ त सारा वऱ्हाडच इंग्रजांच्या कारभारांत आला. आजची गडाची मोडतोड वेलस्लीच्या तोफांनीं झालेली नाहीं. १८५८ त, तात्या टोपे इकडे येऊन गडाचा आश्रय घेतील या भीतीनें, इंग्रजांनींच तटबंदी पाडली. किल्ला नुसता असणें हेंही त्यांना पुरेसें भय वाटलें.

मोठी मशीद सर्वांत उंच जागीं आहे; तेथें बसून आम्हीं डबा सोडला. खालीं एक तोफ गवतांत आडवी पडली आहे, तिच्यावर दोन मुलें बसून तिसऱ्याकडून छायाचित्र काढवीत होतीं. सरकारी पुराणवस्तुखात्याची निळी पाटी दारापाशीं आहे, आणि आंत भिंतीवर कोळशानें व खिळ्यानें लिहिलेलीं नांवें. त्यांतलें एक आमच्याच कॉलेजचें नांव घेऊन लिहिलेलें होतें. मीं रुमालानें पुसून पाहिलें, खिळ्याचें होतें, निघालें नाहीं.

घरीं आल्यावर व्याख्यानाच्या जुन्या वहींतलें फितुरीचें वाक्य मीं खोडलें. पण वही माझ्याजवळ एकच आहे. तें वाक्य उतरून घेणारे शेंकडों. त्यांतले कित्येक आज तालुक्याच्या गांवीं शिक्षक आहेत आणि तेंच वाक्य पुढच्या मुलांना देत असतील. ज्यांचे पत्ते होते अशा पांच-सहा जणांना मीं पत्रें लिहिलीं, चूक कबूल केली, आणि बेनीसिंगाची हकीकत सविस्तर कळविली. आतांपर्यंत एकाचेंच उत्तर आलें आहे. तो जानेवारींत नववीच्या मुलांना घेऊन गडावर जाणार आहे, आणि त्यानें विचारलें आहे कीं, शिड्या लावल्या ती बाजू नेमकी कोणती, व तेथपर्यंत मुलांना सुरक्षित नेतां येईल काय. मीं त्याला कळविलें कीं, मी बरोबर येतों.